मोठी भरती, माणसं हवीत

कंडक्टर निवृत्त झाला त्या दिवशी डेपोतल्या सोबत्यांनी त्याला भिंतीवरचं घड्याळ भेट दिलं. ज्याने जन्मात एक गाडी वेळेवर सुटू दिली नाही त्याला घड्याळ! टोमणा त्याला कळला. पण माणूस असा, की त्याने तो घड्याळाबरोबर हसत पिशवीत घातला आणि घरी आणून बायकोला दाखवला.

गाडी उशिरा सुटायची ती आळसाने नव्हे. लांबून कुणी हात करत धावत येताना दिसलं की याचा हात घंटेच्या दोरीवरून आपोआप खाली यायचा. "येऊ दे रे, त्यालाही घर असेल," असं ड्रायव्हरला सांगायचा. मग त्या एकाला आत घेण्यासाठी आधीच्या साऱ्या गाडीला पुढे सरकवायचा. ही त्याची खरी विद्या. जिथं मुंगीला पाय टेकायला जागा नाही तिथं तो एक अख्खं कुटुंब, त्यांची वळकटी आणि वर एक लोखंडी खाट बसवायचा. "पुढे सरका, पुढे सरका! मागच्यांनी श्वास आत घ्या, पुढच्यांनी बाहेर सोडा!" लोक शिव्या द्यायचे, पण सरकायचे. ती सवय इतकी हाडीमाशी मुरली होती की एकदा नवा जावई पहिल्यांदा दारात उभा राहिला तर हा त्याला म्हणाला, "बोला, कुठं जायचं?" जावई बिचारा घाबरून म्हणाला, "परत जाऊ का?"

निवृत्तीनंतर आरामखुर्चीत पडून राहायचा त्याचा बेत होता. खुर्ची विकत घेऊनही झाली होती. पण बायको म्हणाली, "तीस वर्षं तुमच्या डेपोच्या धुरात राहिले. आता माझ्या गावी चला."

तिचं गाव म्हणजे खाडीच्या तोंडाशी बसलेली घरांची ओळ. एका बाजूला समुद्र, मध्ये मातीचा लांबच लांब बांध, आणि बांधाच्या आत गोड्या पाण्याचं एक तळं. पिण्याचं पाणी तेवढंच. हा गावाचा जावई, म्हणून सगळं गाव त्याला दाजी म्हणू लागलं. आता जावयाचं एक असतं. चार दिवस राहिला तर पाहुणा, महिनाभर राहिला तर घरचा, आणि कायमचा राहिला तर गडी. दुसऱ्याच आठवड्यात बायकोने खुर्ची माळ्यावर टाकली आणि दाजीला गुडघाभर चिखलात उभं केलं.

त्याचं कारण तळं. काही वर्षांपूर्वी वादळात बांध फुटून समुद्र तळ्यात शिरला होता आणि तळं तीन वर्षं खारट राहिलं. स्वयंपाकात मीठ घालावं लागत नसे, एवढाच काय तो फायदा. पाण्याचा टँकर मनात येईल तेव्हा येई. निम्म्या घरांना कुलपं लागली ती लागलीच. मग मागे राहिलेल्या बायकांनी बांधापुढच्या चिखलात खारफुटी लावायला घेतली. ही झाडं खाऱ्या चिखलातच सुखाने वाढतात. त्यांच्या मुळांचं जाळं होतं आणि त्यात शिरलेली लाट बांधाशी पोचेपर्यंत दमून जाते. बायको माहेरी आली आणि पदर खोचून त्यात उतरली. पाठोपाठ दाजी.

दाजीने पहिल्या दिवशी लावलेली रोपं बघून बायकोने कपाळाला हात लावला. एकाला एक चिकटून, खांद्याला खांदा लावून उभी.

"अहो, ही काय दाटी? झाडं आहेत ती, प्रवासी नव्हेत. त्यांना पाय पसरायला जागा लागते."

"सुरुवातीला असंच वाटतं," दाजी म्हणाला. "गाडी हलली की होतात सगळे नीट."

तीन पावसाळे गेले. झाडं वाढत होती, पण झाडांना घाई नसते. बांधाच्या एका टोकाला ती डोक्याच्या वर गेली होती. तळ्यासमोर मात्र अजून गुडघ्याएवढीच होती. आणि तिथंच बांध खचला होता. खरं तर बांध तीन ठिकाणी खचला होता. गावात त्यांना पहिली जागा, दुसरी जागा आणि तिसरी जागा असंच म्हणत. तिसरी जागा सर्वांत वाईट, ती नेमकी तळ्यापुढची.

आणि अशात हवामान खात्याचा निरोप आला. परवा अमावास्या, म्हणजे मोठी भरती. त्यात समुद्रावरून जोराचा वारा. दोन्ही एकाच दुपारी.

बायको बांधावरून फिरून आली ती काही न बोलता उंबऱ्यावर बसली. हे लक्षण वाईट. ती बोलत असली की काळजी नसते.

"वाळू आहे, पोती आहेत," शेवटी म्हणाली. "भरायला माणसं कुठायत? गावात जे उरलेत ते सगळे कमरेत वाकलेले. तळं पुन्हा खारट झालं तर हे गाव उठलं म्हणून समजा."

"माणसं ना? मी आणतो," दाजी म्हणाला. "वरच्या अंगाच्या गावांतनं तीस वर्षं गाडी नेलीय. तिथल्या प्रत्येकाला मी कधी ना कधी धावत येताना बघून गाडीत घेतलंय. फाट्यावर नुसती एक पाटी लावू दे. लोटतील!"

पाटी रंगवायची तर मेव्हणाच हवा. हा बायकोचा धाकटा भाऊ, धंद्याने पेंटर. होड्यांवर नावं रंगवायचा, त्यामुळे अक्षर असं की दोन मैलांवरून वाचता यावं. दाजीने त्याला मजकूर सांगितला: समुद्राला मोठी भरती येणार आहे, बांध कमकुवत आहे, तरी मदतीसाठी परवा सकाळी बांधावर माणसं हवीत, येताना फावडं आणि घमेलं आणावं, आपला नम्र, माजी कंडक्टर.

पेंटरने फळी उलटीसुलटी करून पाहिली. "दाजी, फळी केवढी, मजकूर केवढा! हे सगळं लिहायचं तर कोंबावं लागेल."

"मग कोंब की!"

"अक्षरं आहेत ती. त्यांना 'पुढे सरका' म्हटलं तर फळीवरून खाली पडतात."

शेवटी जे मावलं ते लिहिलं. 'मोठी' या शब्दाने मोठीच जागा खाल्ली. समुद्र बसला नाही. फावडं आणि घमेलं तर नाहीच. पाटी तयार झाली ती अशी:

परवा सकाळी मोठी भरती. माणसं हवीत. खाडीचा बांध.

पेंटरने ती फाट्यावर ठोकली आणि लांबून बघून स्वतःवरच खूश झाला.

आता खाडीकाठच्या माणसाला भरती म्हणजे पाणी. त्याच्या डोक्यात दुसरं काही येतच नाही. पण वरच्या अंगाला समुद्र कुणी बघितलाय? तिथली पोरं पदव्या घेऊन बसलेली. त्यांच्या डोक्यात भरती म्हणजे नोकरी.

परवाच्या सकाळी पहिली गाडी आली ती एका बाजूला कलून. दारात माणसं लोंबकळत होती. मागून दोन टेम्पो आणि मोटारसायकली, एकेकीवर तिघे. दाजी बांधावरून बघतच राहिला. छाती फुगली. बायकोला हाक मारून म्हणाला, "बघितलंस? ही आपली वट! सगळे आपले प्रवासी." बायको पलीकडे पोती मोजून टाकत होती. तिने मान वर करून पाहिलं आणि लग्नानंतर पहिल्यांदाच तिच्या नजरेत नवऱ्याविषयी कौतुक दिसलं. तेवढ्यावर दाजी पुढचा तासभर हवेत होता.

पोरापोरींनी आपण होऊन रांग लावली. रांग लावायची त्यांना सवय होती. सर्वांत पुढे एक उंच मुलगी, काखेत निळी फाइल.

"काका, भरती इथंच ना?"

"इथंच! दुसरीकडे कुठं होणार? होईलच सुरू."

"किती जागा आहेत?"

"तीन."

रांगेत कुजबूज झाली. "एवढ्या माणसांना तीनच?"

"तीनच आहेत हे नशीब समजा," दाजी म्हणाला. "मागच्या खेपेला सगळंच फुटलं होतं. पहाटेच फुटलं, कुणाला पत्ता नाही!"

"बघ, मी सांगत नव्हतो?" मागून एक जण शेजाऱ्याला म्हणाला. "पेपर फुटतोच."

"आणि उंचीचं काय?" निळ्या फाइलवालीने विचारलं.

"उंची छातीएवढी तरी पाहिजेच. त्याच्या खाली चालायचं नाही."

हे ऐकून एक बुटका तरुण, जो आजवर सगळीकडून उंचीपायी परत आला होता, तो आनंदाने चार माणसं ओलांडून पुढे आला. "कायमची आहे की तात्पुरती?"

"तात्पुरती हो. सहा तासांत उतरते."

"कंत्राटी असणार," मागून आवाज आला.

"परत कधी निघते?"

"दर पंधरा दिवसांनी. पण एवढी मोठी वर्षातनं एखाद्याच वेळी."

बुटक्याने आवाज खाली आणला. "काका, खरं सांगा. वशिला लागतो का?"

"लागतो तर! अगदी वरचा. चंद्राचा."

"हे चंद्रासाहेब बसतात कुठं?"

"आज कुठले दिसतात! अमावास्या ना."

"म्हणजे रजेवर," बुटका खिन्नपणे शेजाऱ्याला म्हणाला.

निळ्या फाइलवालीला मात्र काहीतरी खटकत होतं. "काका, निकाल कधी?"

"बाराला. पाणी तळ्यात शिरलं तर बुडालो, नाही शिरलं तर सुटलो."

"पाणी? भरती कसली आहे ही?"

"कसली म्हणजे? समुद्राची!"

मुलीने समुद्राकडे पाहिलं. मग तिचे डोळे चमकले. ती मागे वळून ओरडली, "अरे, नौदलाची आहे!" आणि रांगेच्या शेवटपर्यंत 'नौदल, नौदल' अशी लाट गेली. लोकांनी भांग ठीक केले.

तेव्हा कुठं दाजीने नीट डोळे उघडून बघितलं. इस्त्रीचे शर्ट. पॉलिश केलेले बूट. प्रत्येकाच्या काखेत फाइल, आणि एवढ्या जत्थ्यात एकाच्याही हातात फावडं नाही. समोर बघितलं तर पाणी खारफुटीच्या मुळांपर्यंत आलेलं. मागे तळं. ही माणसं गेली तर पोती भरणार कोण? तो आणि कमरेत वाकलेले चार म्हातारे?

'गाडी आत्ता सुटते' हे वाक्य त्याने आयुष्यात हजारदा खोटं म्हटलं होतं. एक खोटं आणखी. त्याने घसा साफ केला.

"आधी मैदानी परीक्षा! प्रत्येकाने पोतं भरायचं आणि बांधावर पोचवायचं!"

मग काय विचारता! वाळूच्या ढिगाऱ्यावर पोरं तुटून पडली. दाजीने बांधभर साखळी उभी केली. "पुढे सरका, पुढे सरका! पोतं घ्या, पोतं द्या! टाय मागे टाका!" पोती या हातातून त्या हातात अशी धावू लागली की पेंटर फावडं टेकून तोंड उघडं टाकून बघत राहिला. बघता बघता पहिली जागा भरली, दुसरी भरली.

एवढ्यात बायको पिण्याच्या पाण्याची कळशी घेऊन आली. बुटका धापा टाकत तिला म्हणाला, "मॅडम, एका पोत्याला गुण किती?"

"गुण? कसले गुण रे?"

"नौदलाचे."

बायकोने कळशी खाली ठेवली. आणखी चौघांना विचारलं. मग बांधाच्या दिशेने बघून म्हणाली, "अहो, जरा इकडे या." आवाज अगदी मऊ. ज्यांची लग्नं जुनी आहेत त्यांना त्या मऊ आवाजाचा अर्थ सांगायला नको.

"खोटं सांगून राबवताय होय पोरांना? यांच्या घरी आया वाट बघत असतील, पोरगं आज लागलं म्हणून."

"अगं, तिसरी जागा राहिलीय. आत्ता सांगितलं तर जातील सगळे."

"जाऊ देत."

"आणि तळं?"

तिने तळ्याकडे पाहिलं. त्या तळ्यासाठी ती तीन पावसाळे चिखलात उभी राहिली होती. "तळं असं फसवून गोड राहिलं, तर ते पाणी माझ्या घशाखाली उतरायचं नाही," ती म्हणाली. "चढा त्या पिंपावर."

दाजी उलट्या पिंपावर चढला. समोर चिखलाने माखलेले इस्त्रीचे शर्ट. गाडीतून कुणाला उतरवायची वेळ आली तरी त्याचा आवाज कधी खाली आला नव्हता, तो आज खाली आला.

"मंडळी, तुम्ही चुकीच्या गाडीत बसलात. चूक तुमची नाही, पाटी आमची होती. ही नोकरीची भरती नव्हे. ही ती." आणि त्याने समुद्राकडे बोट केलं. "पाटीचं नकळत झालं. पण मैदानी परीक्षेचं मी जाणून खोटं बोललो."

मग असा गिल्ला झाला की विचारू नका.

"म्हणजे नौदल नाहीच?"

"होडी आहे एक," पेंटर मध्येच म्हणाला. "माझी. तीही गळते."

"तू गप रे!" दाजी खेकसला.

"आमच्या इस्त्रीचं काय?" "माझे बूट उसने आहेत!" "अहो काका, वय काय, धंदे काय!" कुणी पोतं लाथाडलं, कुणी फाइल झटकली. टेम्पो भरून निघाले, मोटारसायकली पळाल्या. उरलेल्यांनी विचारलं, "गाडी कधी आहे?"

"ते निसटले. आता रस्त्यावर पाणी चढलं असेल. ओहोटी लागेपर्यंत गाडी नाही."

"पुन्हा खोटं!" असं म्हणून एक पहिलवान तरातरा रस्त्याकडे गेला. थोड्या वेळाने परत आला तो मांडीपर्यंत ओला. "खरं बोलतोय म्हातारा," एवढंच म्हणाला आणि पोत्यावर बसला.

सगळेच बसले. समोर तिसरी जागा उघडी, पाणी चढत होतं, आणि दाजी एकटाच एक पोतं ओढत निघाला होता. बायकोने दुसरं टोक धरलं. पेंटरने आपलं तोंड बंद ठेवून दुसरं पोतं खांद्यावर घेतलं. तिघांची मिळून चाल अशी की ओहोटी लागून गेली असती तरी जागा भरली नसती.

निळ्या फाइलवाली उठली. "काका, पाटीवर 'माणसं हवीत' लिहिलं होतं. तेवढं तरी खरं होतं ना?"

"ते खरं होतं, बाळ."

"मी आजवर जेवढ्या भरत्यांना गेले तिथं कोण नको तेच लिहिलेलं असतं. बुटके नकोत, चष्मेवाले नकोत, वय उलटलेले नकोत. माणसं हवीत असं मी पहिल्यांदा वाचलं. म्हणून तर पहाटे उठून आले." तिने फाइल बायकोच्या हातात दिली. "ही कोरडी ठेवा हं, मावशी. कुठंय ती तिसरी जागा?"

बुटकाही उठला. "आता गुण नाहीत ना? मग जरा बरं उचलता येईल." पहिलवान पुटपुटत उठला. बायकोने सगळ्यांच्या फाइली गोळा करून धान्याच्या रिकाम्या पिंपात टाकल्या आणि झाकणावर दगड ठेवला.

दाजी पोती एकावर एक रचायला लागला तशी निळ्या फाइलवाली ओरडली, "असं नको! सांध्यावर सांधा आला तर पाणी तिथनंच येईल. विटा रचतात तशी रचा. माझे बाबा गवंडी आहेत." दाजी निमूट तशी रचू लागला. फटी राहिल्या तिथं मात्र त्याची विद्या उपयोगी पडली. जिथं मूठ जायची नाही तिथं तो पोतं बसवू लागला. "सरक की जरा, सरक," असं पोत्यालाच म्हणत.

दुपार माथ्यावर आली आणि पाणी आलं. बांधाच्या टोकाला जिथं झाडं उंच होती तिथं ते चोरपावलांनी आलं. तिसऱ्या जागेपुढे मात्र गुडघ्याएवढी रोपं केव्हाच बुडाली होती, तिथं लाटा सरळ छातीवर आल्या. पोरं पोत्यांना पाठ लावून उभी राहिली. एक लाट वरून उडाली, सगळ्यांच्या डोक्यावरून आत तळ्यात पडली. दुसरी उडाली. बायकोने डोळे मिटले. पहिलवान समुद्राला अशा काही शिव्या देत होता की पेंटरने पुढे वर्षभर त्या वापरल्या. तिसरी लाट आली ती पोत्याच्या काठाशी थांबली, डुचमळली, आणि मागे गेली. मग चौथी जरा खालीच राहिली.

"लागली," बायको म्हणाली. "ओहोटी लागली."

कुणी ओरडलं नाही. उडालेलं पाणी सगळ्यांनी पाहिलं होतं. बायको तळ्याच्या पायऱ्या उतरून गेली. सगळी रांग काठावर उभी, सगळ्यांचे डोळे तिच्या तोंडाकडे. तिने ओंजळ भरली, तोंडात घेतली, आणि नुसती घोळवत राहिली.

"अगं, बोल की!" दाजीच्याने राहवेना.

तिने गिळलं. आणखी एक ओंजळ घेतली, तीही गिळली. मग पदराने तोंड पुसून म्हणाली, "मचूळ झालंय जरासं. एका पावसात उतरेल. या रे पोरांनो, प्या."

पोरं अशी धावली की पायऱ्यांवर चेंगराचेंगरी. दाजीने सवयीने तोंड उघडलं तशी बायकोने त्याच्याकडे नुसतं बघितलं. त्याने ते मिटलं.

निळ्या फाइलवालीने ओंजळ प्यायली आणि तोंड वाकडं केलं. "मावशी, खारट नाहीये. पण चिखलाची चव लागतेय."

"ती तळ्याची नव्हे ग," बायको म्हणाली. "आधी हात धू."